शून्याखालचे तीन बिंदू

अर्धा गाल साबणात आणि अर्धा वस्तऱ्याखालून सुटलेला, अशा अवस्थेत राजमहंमदने तो निरोप वाचला. सलूनच्या खुर्चीत बसून फोन बघणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. पण निवृत्तीला पाच महिने होत नाहीत तोच त्यानेही ती सवय लावून घेतली होती. निरोप समीक्षाचा होता. कधीकाळी पहिल्या बाकावर बसून शंका विचारून भंडावून सोडणारी ही विद्यार्थिनी आता नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात, संशोधन विभागात होती. रंग पातळ करायला लागणारे द्रव तिथे बनत, आणि कुठला द्रव कशात किती मिसळला की त्याची घनता, घनफळ, उष्णता कशी बदलेल हे आधी गणिताने सांगायचं आणि मग मोजून पडताळायचं, हे तिचं काम. तिने लिहिलं होतं, "सर, तुमच्या पीएचडीतली अल्कोहोल आणि ईथरची जोडी आम्ही नव्या यंत्रावर परत मोजली. अल्कोहोलच्या टोकाला घनफळातल्या फरकाचा वक्र शून्याच्या खाली जातो. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच. तुमच्या प्रबंधात नेमकी त्याच जागची तीन निरीक्षणं वगळलेली आहेत. बाटली नीट वाळवलेली नव्हती, अशी तळटीप आहे. ते आकडे अजून असतील का तुमच्याकडे? मला वाटतं सर, तुमची बाटली कोरडी होती." न्हावी म्हणाला, "सर, मान वर." राजमहंमदने मान वर केली. समोरच्या आरशातला माणूस हसत होता, आणि तो आपणच आहोत हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पहिल्यांदा आनंदच झाला, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. जानेवारीतली मंगळवारची सकाळ होती, शनिवार-रविवारची मुंबईची गर्दी उतरून गेली होती, चिक्कीच्या दुकानांतली पोरं फळ्या पुसत बसली होती, आणि लोणावळ्याच्या त्या रिकाम्या बाजारातून साठ वर्षांचा एक गृहस्थ मनातल्या मनात उड्या मारत घरी चालला होता. आपला हात बरोबर होता. तीस वर्षांपूर्वी, दहा मिलिलिटरची एक काचेची बाटली, एक तराजू आणि पाण्याची एक टाकी एवढ्या संसारावर आपण जे पाहिलं ते आता लाखो रुपयांचं यंत्र पाहतंय. दोन द्रव एकत्र ओतले की घनफळ बेरजेइतकं भरत नाही, कधी चिमूटभर जास्त भरतं, कधी चिमूटभर कमी, म्हणजे शून्याच्या खाली, आणि या चिमटीत त्या दोघांच्या रेणूंचं आपसात काय चाललंय ते सगळं असतं, हे तो वर्गात वर्षानुवर्षं सांगत आला होता. मुलं जांभया देत. तो मात्र दर वर्षी ते नव्याने सांगत राही. शालूबाईच्या टोपलीपाशी तो सवयीने थांबला. "सर, पावटा घ्या की, कवळा हाय," ती म्हणाली. त्याने पिशवी पुढे केली, तिने मापटं भरून पावटा ओतला, आणि तेवढ्यात, कोण जाणे कशाने, त्याला नथू आठवला. पिशवी हातात धरून तो तसाच उभा राहिला. बाटली कोरडी होती, याचा अर्थ नथूने ती नीट वाळवली होती. एवढी साधी गोष्ट मनात यायला सलूनपासून बाजारापर्यंतचा रस्ता लागला, याची त्याला आधी लाज वाटली. मग त्याने स्वतःला बजावलं की उगाच सोंग करू नकोस, तुला हे आज कळलेलं नाही.

नथू तिकोणा गडाखालच्या तिकोणा पेठ गावचा. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात हंगामी शिपाई म्हणून सहा वर्षं होता आणि प्रबंधाच्याच वर्षी दिवाळीला कायम होणार होता. राजमहंमदहून दोन-तीन वर्षांनी मोठा, हडकुळा, नाकाने बोलणारा. शिक्षण सातवी, पण काचेच्या भांड्यांवर त्याचा जीव असा की परीक्षानळी फुटली तर त्याचा चेहरा दिवसभर उतरलेला. लोणावळ्याच्या ऑगस्टमध्ये काही वाळत नाही. भिंतींना ओल, वह्यांना ओल, कपाटातल्या कोटाला बुरशी, आणि अशा हवेत बाटली आतून कोरडी ठणठणीत हवी, कारण पाव थेंब पाणी आत राहिलं तरी वजन वाढतं आणि घनफळ खोटंच आकसलेलं दिसतं. नथूने त्यावर तोड काढली होती. फळकुटांची पेटी, आत शंभरचा बल्ब, झाकणाला तारेची जाळी. बाटली ॲसिटोनने तीनदा विसळायची, सायकलच्या पंपाने हवा मारायची, मग पेटीत ठेवायची. आणि शेवटी तो ती बाटली वरच्या ओठाला लावून डोळे मिटायचा. ओल असली तर काच गार लागते, हाताला नाही कळत, ओठाला कळतं, हे त्याचं शास्त्र. राजमहंमद तेव्हा त्याला हसायचा. ओठाची अचूकता किती दशांश स्थळांपर्यंत, असं एकदा त्याने विचारलंही होतं, आणि नथूला प्रश्न कळला नाही तरी थट्टा कळली होती, तो ओशाळून हसला होता. शेवटची तीन मिश्रणं मोजली त्या गुरुवारीही त्याने तसंच केलं. "वाळलीया, सर," म्हणाला आणि बाटली फडक्यात धरून पुढे केली. त्या दिवशीचे तिन्ही आकडे शून्याखाली आले.

पुण्याच्या गाइड सरांनी आलेखावर नजर टाकली आणि पेन्सिल खाली ठेवली. त्यांचं स्वतःचं मॉडेल होतं, दोन सहगुणकांचं, सुटसुटीत, आणि त्या मॉडेलला एकच बाक माहीत होता. वक्र वर चढेल, खाली उतरेल, शून्यावर येऊन थांबेल. शून्य ओलांडून पलीकडे डोकावणं त्याच्या हिशेबात नव्हतं. "अशा जोडीला हे वळण नसतं," ते शांतपणे म्हणाले, "कसल्या हवामानात बसून मोजता तुम्ही, बाटली ओली असणार. वगळा आणि कारण द्या." त्यांची नियत वाईट नव्हती, हे राजमहंमद आजही शपथेवर सांगेल. मॉडेलशी जन्म काढलेल्या माणसाला निरीक्षणच चुकलेलं दिसतं, त्यात लबाडी नसते. लबाडी असलीच तर ती पुढची होती. कारण द्यायचं म्हणून त्याने इंग्रजीत तळटीप लिहिली की परिचराच्या हलगर्जीपणामुळे बाटली पूर्ण कोरडी झाली नव्हती. परिचर आणि हलगर्जीपणा हे दोन्ही शब्द त्याचे स्वतःचे, ते कुणी सांगितले नव्हते. वाक्य त्यांच्याशिवायही पुरं झालं असतं. मग विभागप्रमुखांनी मसुदा वाचला, केबिनमध्ये बोलावून विचारलं, "हा आपला नथू का?" आणि तो हो म्हणाला. महागड्या रसायनांचा विभाग, हलगर्जी माणूस कायम कसा करायचा, असं ते म्हणाले. पुढच्या सोमवारपासून नथू आला नाही. निघताना त्याने पेटी पुसून, बल्ब काढून वेगळा ठेवला होता, गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात. राजमहंमदने पुढे तीस वर्षं या सगळ्याला 'नथूचं ते प्रकरण' म्हटलं, स्वतःशीसुद्धा, आणि ते नाव इतकं सोयीचं होतं की आत काय आहे ते बघायची वेळच आली नाही.

घरी आल्यावर त्याने समीक्षाला फोन लावला. तिचा आवाज यंत्रांच्या घरघरीतून येत होता. "बाटली कोरडी होती हे तू कशावरून म्हणतेस?" त्याने विचारलं, परीक्षेत विचारावं तसं. "सर, ओल राहिली असती तर कुठे कमी राहिली असती, कुठे जास्त," ती म्हणाली, "आकडे विखुरले असते. पण सारणीत नसले तरी ते प्रबंधातल्या आलेखावर पेन्सिलीच्या ठिपक्यांत दिसतात, स्कॅनमध्ये पुसट आलेत. तिन्ही एका वळणावर बसतात. माझ्याच वक्रावर बसतात, सर. पाणी इतकं शिस्तीत नाही राहत." मग म्हणाली, "तीस वर्षं आधी तुम्ही हे पाहिलं होतं, असं आम्ही पेपरात लिहिणार आहोत. तुमची परवानगी हवी." तो म्हणाला, संध्याकाळी कळवतो. फोन ठेवल्यावर तो माळ्यावर चढला. बायको, अमिना, खालून शिडी धरून उभी राहिली आणि या वयात कसली हौस म्हणून कुरकुरत राहिली. वही सापडली. गुरुवारचे तीन आकडे होते. आणि पुढे चार पानं सोडून, सहज कुणाच्या नजरेस पडू नयेत अशा बेताने, आणखी तीन आकडे होते.

ते तो विसरला नव्हता. विसरण्याचं नाटक इतकं जुनं झालं होतं की त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं, एवढंच. नथू गेल्यानंतर नवव्या दिवशी, कॉलेजला सुटी असताना, तो एकटा प्रयोगशाळेत गेला होता. का गेला होता हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. ॲसिटोनने पाच वेळा विसळून, भट्टीत वाळवून, ओल शोषून घेणाऱ्या काचपात्रात रात्रभर ठेवलेली बाटली त्याने स्वतःच्या हाताने भरली होती. बाहेर पाऊस इतका की समोरचा डोंगर नव्हताच. टाकीतलं पाणी तीस अंशांवर स्थिर होण्याची वाट बघत तो स्टुलावर बसून राहिला, आणि त्या अर्ध्या तासात त्याने चक्क दुआ मागितली की आकडा शून्याच्या वर येऊ दे. आकडा खालीच आला. दुसरा, तिसराही. त्याने ते लिहून ठेवले, कारण आकडा न लिहिणं त्याच्या हाताला जमलं नसतं. पण प्रबंध द्यायला अकरा दिवस उरले होते, गाइडपुढे पुन्हा उभं राहायचं, प्रमुखांपुढे आपला हो मागे घ्यायचा, आणि वडगावच्या बाजारात बांगड्या-कुंकवाचं दुकान चालवणाऱ्या बापाने तर पोरगं डॉक्टर होणार म्हणून आधीच पेढे ठरवून ठेवले होते. त्याने वही मिटली. त्याला वाटलं होतं, प्रबंध जाऊ दे, मग नथूसाठी शब्द टाकू. प्रबंध गेला, पदवी आली, बढती आली, दरवर्षी पावसाळा आला आणि गेला. शब्द काही टाकला गेला नाही.

अमिनाला त्याने जेवताना सगळं सांगितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि हे तिने पहिल्यांदा ऐकलं. ती भात कालवत राहिली. "बाटलीचं मला काही कळत नाही," ती म्हणाली, "पण म्हणजे त्या माणसाची काही चूक नव्हती आणि तुम्हाला ते तेव्हाच माहीत होतं. असंच ना?" त्याने मान हलवली. अमिनाची ही पद्धत होती. प्रबंधाचा सारांश ती दोन ओळींत काढायची. "तो आहे का अजून?" "असावा. गावातच काहीतरी हॉटेल टाकलंय म्हणे, गडावर जाणाऱ्यांसाठी." "मग जा ना." "तू येतेस?" "मी कशाला? मी असले की तुम्ही अर्धंच बोलाल," ती म्हणाली, आणि उठून ताटं गोळा करू लागली. ते त्याला लागलं, कारण अर्धंच बोलायचं असं त्याने मनात ठरवूनच टाकलं होतं. नवीन यंत्र आलं, नवीन शोध लागला, तुझी चूक नव्हती. किती नेटकं. विज्ञानाने न्याय दिला आणि आपण फक्त निरोप्या. तेवढं सांगून परत येता येण्यासारखं होतं, आणि कुणाला काही कळणार नव्हतं.

दुपारी तो स्कूटरवर निघाला. दुधिवरेच्या खिंडीतून खाली उतरलं की पवनेचं पाणी दिसतं, आणि एरवी तो तिथे थांबायचाच. आज थांबला नाही. काठाकाठाने तंबूंच्या रंगीत रांगा लागलेल्या होत्या, ज्वारीच्या वावरांच्या मधोमध कुणाकुणाचे बंगले उगवले होते. हेल्मेटच्या आत त्याचे स्वतःचेच शब्द गरम होऊन तोंडावर येत होते. 'नथू, एक सांगायचं होतं.' नको. 'नथूभाऊ.' तेव्हा कधी भाऊ म्हटलं नाही, आता एकदम कसं म्हणायचं. त्याला वाटलं, गेलेला असला तर. आणि लगेच दुसरा विचार आला की गेलेला असला तर बरं, आणि या दुसऱ्या विचाराने तो इतका हादरला की त्याने स्कूटर बाजूला घेतली आणि पाय टेकून दोन मिनिटं उभा राहिला. समोर तिकोण्याचा सुळका उन्हात उभा होता. आयुष्यभर आपण सज्जन माणूस म्हणून वावरलो. मुलांची फी भरली, कॉपी करणाऱ्यालाही घालूनपाडून बोललो नाही, निवृत्तीच्या समारंभात दोन प्राध्यापकांचे डोळे भरून आले. ते सगळं खरंच होतं. त्यातलं काही खोटं नव्हतं, आणि तरी त्याने त्या तीन आकड्यांतला एकही वर सरकत नव्हता.

गडाच्या वाटेवर पत्र्याची शेड होती, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या. चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती, आणि पिंपातल्या पाण्याने ताटल्या धुणारा म्हातारा वर न बघताच म्हणाला, "बसा. पिठलं-भाकर हाय, लिंबू-सरबत हाय." आवाज अजून नाकातूनच येत होता. राजमहंमदने हेल्मेट काढलं. म्हाताऱ्याने डोळे बारीक केले, मग ओले हात सदऱ्याला पुसत लगबगीने उठला. "सर? आगं झुंबरे, आपलं सर आलं. कालिजातलं. बसा, हितं सावलीला बसा. लय दिसांनी वाट वाकडी केली." झुंबरबाईने पदर सारखा केला आणि मान लववली. नथूने स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं. पोरगा कैलास टेम्पो चालवतो, सून अंगणवाडीत आहे, गुडघे मात्र गेले, असं सगळं एका दमात सांगितलं. त्याच्या बोलण्यात कुठे काही अढी नव्हती. राजमहंमदला ती असती तर बरं वाटलं असतं. ग्लास तसाच हातात धरून त्याने सांगायला सुरुवात केली. समीक्षा, नवीन यंत्र, ती जोडी, शून्याच्या खाली जाणारी रेघ. नथू खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता, पूर्वी सूचना ऐकायचा तसाच.

"म्हंजी," तो शेवटी म्हणाला, "त्या दिशी बाटली कोरडी व्हती?"

"कोरडी होती."

 नथूने आपला वरचा ओठ दोन बोटांनी चाचपला. "वठाला तर कोरडीच लागली व्हती," तो म्हणाला. "घरी यिऊन लय इचार केला, सर. लय दिस. कुटं चुकलं आसंल म्हून. मंग म्हनलं, सर एवडं शिकल्यालं, त्यांचा तराजू खोटा कसा बोलंल. आपलाच वठ खोटा." तो चुलीकडे वळला. "ऐकलं का गं? कोरडी व्हती." झुंबरबाई म्हणाली, "ऐकलं की." तिने भाकरी उलटली आणि डोळ्यांना पदर लावला, आणि चुलीत तर धूर नव्हता. नथू हसत होता. त्याच्या तोंडात समोरचे दोन दात नव्हते. एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात, सर, असं तो परत परत म्हणत होता, दुसरा कुणी आला नसता, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही.

इथे उठता आलं असतं. अमिना जे म्हणाली होती ते हेच, आणि राजमहंमदला ते अर्धं इतकं पुरं, इतकं गोड वाटलं की त्याचे पाय खरोखरच खुर्चीखालून पुढे सरकले. मग तो म्हणाला, "नथू, अजून आहे. यंत्राने आज सांगितलं, पण मला ते तेव्हाच कळलं होतं. तू गेल्यावर नवव्या दिवशी मी बाटली स्वतः वाळवून परत मोजली. तेच आलं. मी कुणाला बोललो नाही." तो एवढंच बोलला. पुढे कारणं होती, अकरा दिवस होते, बापाचे पेढे होते, पण ती तोंडापर्यंत आली आणि त्याला त्यांची किळस आली.

शेडवर पत्रा तापून मधूनच कडकडत होता. नथू बोटांवर दिवस मोजू लागला. रागवला असेल तर दिसत नव्हतं. तो काहीतरी आठवत होता. "नवव्या दिशी," तो पुटपुटला. "म्हंजी मी राह्यलेला पगार न्यायला आलो त्याच्या आदी का मागनं?"

राजमहंमदला पगाराचा दिवस आठवत नव्हता. आणि मग आठवला. बारावा-तेरावा दिवस असेल. कॉलेजच्या फाटकाशी, छत्री नसलेला, इरलं पांघरलेला नथू. 'चल,' असं आपण म्हणालो होतो, त्याला आत कँटीनमध्ये नेलं होतं. तीस वर्षांत हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"आधी," तो म्हणाला.

"त्या दिशी तुमी मला चा पाजला व्हता."

"हो."

"बशीत वतून दिला. गार करून. मी थरथरत व्हतो म्हून." नथूने चुलीकडे पाहिलं. झुंबरबाईचे हात थांबले होते. "हिला घरी यिऊन मी त्येच सांगितलं, सर. आपल्या हातनं सरांचं एवडं वाटुळं झालं, आन् तरी सरांनी सोताच्या हातानं चा दिला. आमी आजून कुनी शिकल्याल्या मानसाचं नाव काढलं की तुमचंच काढतो. आन् तवा तुमाला ठावं व्हतं."

राजमहंमदने मान खाली घातली नाही. ते त्याला करता आलं असतं, पण त्याला वाटलं, आता निदान बघायला तरी हवं. झुंबरबाईने तव्यावरची भाकरी काढली, जराशी करपलेली, आणि ती पितळीत ठेवून नवऱ्याकडे पाहत राहिली, कुणाला वाढू म्हणून. मघाशी जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणणारा नथू उठला नाही.